वरची बोट

गोव्याला जायचे तीन रस्ते होते आणि तिन्ही मला तोंडपाठ होते. बायकोला न्यायचं म्हणून अकरा वर्षं मी ते तोंडातच घोळवले. ती गेल्या माघात वारली. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. लांबण लावता येत नाही, आणि आता लावायला दमही नाही. खरं काय घडलं ते एकदा कागदावर असावं, एवढ्यासाठी लिहितो.

आमची वाडी खाडीच्या काठाला, आगरदांड्याच्या अंगाला. समोर दिघी. तेव्हा आमच्यावर नवाबाचं राज्य, रेवदंड्याकडं गेलं की इंग्रजाचं, आणि गोव्यात फिरंग्याचं. एका दर्याला तीन धनी. आम्हाला त्याचं काही नव्हतं, मासळी कोणालाच विचारून येत नाही. पण गोवा म्हटला की तो परमुलूख, एवढं लहान पोरालाही ठाऊक असायचं.

लग्नाआधी मी दोन-तीन वर्षं मालाच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, खलाशी होतो. मीठ, सुकी मासळी भरून खाली जायचं, कौलं भरून वर यायचं. त्यात तीन वेळा गोव्याला गेलो. गेलो म्हणजे मचवा गेला. नांगर पडला की मचव्याचा म्होरक्या तांडेल आणि बाकीचे कपडे बदलून किनाऱ्याला जायचे आणि वयानं सगळ्यांत लहान जो असेल त्यानं मचव्यावर राहून तळाचं पाणी उपसायचं, अशी रीत. तिन्ही वेळा लहान मीच. संध्याकाळी लांबून दिवे दिसायचे. वाऱ्यावर कधी वाजंत्री ऐकू यायची. माणसं परत आली की सांगायची, हे बघितलं, ते खाल्लं. मी ऐकायचो आणि पाणी उपसायचो. गोव्याच्या जमिनीला माझा पाय एकदाही लागला नाही.

लग्न झालं. नवी बायको, तिच्यापुढं मोठं व्हावंसं वाटतं. मी गोवा सांगितला. दुसऱ्यांनी बघितलेला सगळा माझ्या नावावर सांगितला. पांढरं देऊळ फिरंग्यांचं, त्याला पायऱ्या. नदीकाठी संध्याकाळी बाजा वाजतो. बायका छत्र्या घेऊन फिरतात. ती चुलीपुढं बसून विचारायची, "पायऱ्या किती?"

"बावन्न."

"मोजल्यात?"

"मोजल्या म्हणून तर सांगतो."

एकदा बोललेलं परत घेता येत नाही. पुढं तिनं ते शेजारणींना सांगितलं, शेजारणींनी बाजारात सांगितलं, आणि मी वाडीतला गोवा बघितलेला माणूस झालो. दोन-चार जण मला विचारायलाही यायचे. मी त्यांनाही सांगायचो.

ती डोकीवर पाटी घेऊन मुरूडच्या बाजारात मासळी विकायची. थंडीत मुंबईची बडी माणसं मुरूडला येऊन राहायची. नवराबायको सकाळ-संध्याकाळ वाळूतून नुसती चालायची, हात रिकामे. एक दिवस घरी येऊन तिनं विचारलं, "ही माणसं करतात काय?"

"काय न्हाय. हवापालटाला येतात."

"म्हंजे?"

"आपली हवा सोडून दुसरी हवा खायची. काम करायचं न्हाय."

ती पाटी धूत होती. धुता धुता थांबली. बोलली, "मला एकदा करायचाय हवापालट. गोव्याला. पाटी न घेता."

मी हसलो. माझी आई आत होती, ती हसली नाही. आई म्हणाली, "गोव्याला काय तुझं म्हायार हाय? का मामा बसलाय वाट बघत?"

"कोण न्हाय, म्हणून तर जायचं," ही बोलली. "म्हायारी गेलं तरी भाकऱ्या थापाव्या लागतात."

वाडीत हे पसरायला वेळ लागला नाही. बाया तिला हवापालटवाली म्हणायला लागल्या. बाजाराला निघाली की कोणी तरी हाक मारायची, "काय गं हवापालटवाले, आज कुठली हवा?" ती उलट बोलायची, "तुझ्या तोंडाची सोडून कुठली बी." हसायची, पण सोडून दिलं नाही. दर वर्षी नारळी पुनव झाली, दर्या उघडला, की विचारायची, यंदा जायचं का.

आता कोणीही सांगेल की न्यायची होती. पण ती गोव्यात उतरून पहिलं काय विचारणार? पायऱ्या कुठं हायत? बाजा कुठं वाजतो? आणि मी कुठं दाखवणार? मला बंदरावरून उजवीकडं जायचं का डावीकडं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणून मी रस्त्यांच्या मागं लपलो.

आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात एक म्हातारे मुसलमान सारंग होते, आयुष्यभर मोठ्या जहाजांवर फिरलेले, बसऱ्यापर्यंत. मी त्यांना चाचा म्हणायचो. एका वर्षी ही मला घेऊन सरळ त्यांच्या अंगणात गेली. म्हणाली, "चाचा, तुमी सांगा. गोव्याला जायचं कसं?"

चाचांना असं कोणी विचारलं की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी व्हायचं. मांडी ठोकून म्हणाले, "तीन रस्ते, बेटी. एक, मचवा. वारा मेहेरबान असला तर चार दिवस, न्हायतर अल्ला मालिक. दोन, रेल. आधी मुंबईला जा, तिथनं पुणं, तिथनं बेळगाव, मग घाट उतर, मग फिरंग्याची हद्द. तिथं शिपाई गाठोडं सोडून बघतो. तीन, आगबोट. दिघीच्या पाण्यात चढायचं, गोव्यात उतरायचं. एक रात मधी."

"मग आगबोटच की!" ती म्हणाली.

मी म्हणालो, "आगबोटीत ओकाऱ्या होतात."

"मला? माझा बाप दर्यात मेला, आजा दर्यात मेला. मला ओकारी व्हईल?"

"तळात कोंबतात बकऱ्यांसारखं. धूर असतो."

"चुलीपुढं काय असतं मग?"

"मचव्यानं बरं. ओळखीचा तांडेल बघतो."

चाचा म्हणाले, "बाईमाणूस मचव्यावर कोण घेतो रे? तुला ठावं न्हाय?"

मला ठाऊक होतं. मचव्यावर बाई घ्यायची नाही ही तर आमचीच रीत. म्हणून मी रेलवर आलो. रेल चांगली, बसायला लाकडाची फळी असते, फक्त खाली जायला आधी वर मुंबईला जावं लागतं, तेवढे दिवस पोरी कोणाकडं ठेवायच्या. चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग हिला म्हणाले, "बेटी, रस्ते तीन हायत, नवरा एकच हाय. तो चालू झाल्याबिगर एक बी रस्ता चालत न्हाय."

असं अकरा वर्षं. एका वर्षी धाकटी पोटात होती, ते खरं कारण. एका वर्षी आईचा गुडघा, तेही खरं. बाकीची नऊ वर्षं मी रस्त्यांना नावं ठेवली. पायवाट ऐकली तर तीही सांगितली, तरीनं दिघी, तिथनं बोर्ली पंचतन, तिथनं श्रीवर्धन, मग एकामागं एक खाड्या, दर खाडीला तरीची होडी, आणि पावसाळा लागेपर्यंत पोचू. ती म्हणायची, "तुमाला समदं ठावं हाय. जायचं सोडून."

शेवटी तिनंच मला पेचात धरला. वाडीत हळद होती, सगळ्या बाया, सगळे बापये जमलेले. पौषाचे दिवस. कोणी तरी तिला चिडवलं आणि ती उठून उभी राहिली. म्हणाली, "ऐका समद्यांनी. चाचांच्या घरची माणसं पुढल्या आठवड्यात आगबोटीनं रत्नागिरीला चाललीत. मी त्यांच्यासंगं जाते. तिथनं फुडं एकली जाईन गोव्याला. ह्यांनी ऱ्हावं इथं, रस्ते मोजत."

बापये माझ्याकडं बघून दात काढायला लागले. कोणी म्हणालं, "दादा, बायकोनं वल्हं हातात घेतलं." मी म्हणालो, "रत्नागिरीला कशाला, मी नेतो." चाचांच्या माणसांबरोबर मात्र मी जाऊ दिलं नाही. चाचा बोटीत बरोबर असते तर रत्नागिरीपर्यंत गोव्याच्याच गोष्टी निघाल्या असत्या आणि माझं बिंग फुटलं असतं. म्हणून आम्ही दोघंच निघालो, त्यांच्या दोन दिवस आधी. आठ दिवसांचा हवापालट ठरला. पोरी आईकडं ठेवल्या.

सकाळी तरीनं खाडी ओलांडून दिघीला गेलो. तिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. हातात एक गाठोडं. चालताना तिचा एक हात सारखा डोक्याकडं जायचा, पाटी सावरायला, आणि पाटी नसायची. दोनदा तसं झालं तेव्हा स्वतःच हसली.

आगबोट खाडीच्या तोंडाशी, खोल पाण्यात नांगर टाकून थांबायची. किनाऱ्यावरून तिच्यापर्यंत पडावानं, मोठ्या होडीनं, जायचं. किनाऱ्यावर झावळांचा एक झाप, त्यात तिकिटाचा कारकून. माणूस घाटावरचा, बोटीवर कधी चढलाही नसेल. मी गोव्याची दोन तिकिटं घेतली आणि विचारलं, "आज बोटी किती?"

"दोन. वरची सकाळी, खालची दुपारी."

झालं. मी हिला म्हणालो, "आपली सकाळची."

इथं काय चूक झाली ते समजावून सांगायला हवं, कारण जमिनीवरच्या माणसाला ती चूक वाटतच नाही. आमच्याकडं मुंबईचं अंग ते वर, गोव्याचं ते खाली. त्यात घोळ नाही. पण दर्यावरचा माणूस वारा जिकडून येतो त्याच्या नावानं बोलतो. वरून येतो तो वरचा वारा. खालून येतो तो खालचा. वारा जातो कुठं ह्याच्याशी आम्हाला काही नसतं, तो येतो कुठून हे बघून शीड लावायचं. म्हणून वरची बोट म्हणजे वरून, मुंबईहून आलेली, खाली गोव्याला चाललेली. माझ्या डोक्यात दुसरा अर्थ शिरलाच नाही. कारकुनाचं उलटं. त्याला बोट जाते कुठं एवढंच ठाऊक. वर जाणारी ती वरची. चाळीस वर्षं मी त्या कारकुनाला शिव्या घातल्या. पण त्याचं चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच शब्दाची दोन टोकं धरून उभे होतो.

पडावात गर्दी. बाया, पोरं, नारळाचे ढीग. ही नारळांवर पाय दुमडून बसली होती. मला हळूच म्हणाली, "अवं, नारळ गोव्याला कशाला नेतात? तिथं होत न्हाईत?"

"गप बस."

"न्हाय, इचारलं आपलं."

आगबोट नांगरावर होती तेव्हा तिचं तोंड पाण्याच्या ओढीकडं, खाडीत. त्यावरून ती कुठं जाणार ते कळत नाही. वर चढलो. मी हिला पेट्यांच्या आडोशाला बसवली आणि स्वतः तिच्याकडं तोंड करून, दर्याकडं पाठ करून बसलो. मला दर्या बघायचा नव्हता. पायऱ्या कशा दाखवायच्या ते मी जुळवत होतो. म्हणायचं, पडल्या वाटतं, नवं बांधलं वाटतं. भोंगा झाला, बोट हालली. तिनं माझा हात धरला, चारचौघांत. पहिल्यांदा.

थोड्या वेळानं ती उठून कठड्याशी गेली. मी बस म्हणालो, बसली नाही. मग तिथूनच हाक आली.

"अवं, इकडं या. तो आपला मुरूडचा बाजाररस्ता न्हाय का?"

"कुठं?"

"तो बघा, नारळींच्या मधनं. आणि ती वाळूत हवापालटवाली चाललीत बघा."

मी उठलो. खाली गोव्याला जायचं तर जमीन डाव्या हाताला पाहिजे. उजव्या हाताला होती. ऊन उजव्या गालावर. पुढं पाण्यात मुरूडसमोरचा कासा किल्ला. मी आयुष्य दर्यात काढलेला माणूस, आणि गोव्याची तिकिटं खिशात घालून मुंबईच्या बोटीत उभा होतो.

खरं लिहायचं म्हटलं आहे तर लिहितो. लाज मागून वाटली. आधी छाती हलकी झाली. गळ्यात अडकलेला काटा गिळला जावा तसं.

ती माझ्याकडं बघत होती. मग तिला कळलं आणि ती हसत सुटली, कठडा धरून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. "दर्यावर्दी! अगं आई गं! मुरूडला जायाला आगबोट केली!" आजूबाजूच्या बायांना सांगायला लागली. त्याही हसल्या. एक म्हणाली, "बाये, माझा नवरा तर घरातनं निघून घरातच चुकतो." तिकीट तपासणारा आला, त्यानं तिकिटं बघून मला चार शब्द सुनावले आणि म्हणाला, रेवदंड्याला उतरा, उद्या खालची बोट तिथंही थांबते, हीच तिकिटं चालतील.

तो गेल्यावर ती हसायची थांबली. हळू आवाजात विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"आईची शपथ, न्हाय."

"बरं," म्हणाली. तिनं मानलं. आणि ते खरंच होतं. त्या दिवशीचं खरं होतं.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात आईच्या माहेरचं लांबचं नातं होतं, तिथं राहिलो. त्यांनाही हीच हसून सांगत होती. मला पुढचा दिवस दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालची बोट आली. या वेळी मी दोघातिघांना विचारलं, त्यामुळं चुकायला जागा नव्हती. पडाव किनाऱ्याला लागला. एक भटजी चढला, एक पोटुशी बाई चढली, कोणी कोंबड्या चढवल्या. ही गाठोडं घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी. मी वाळूतच थांबलो.

"चला की."

"वारा फिरणार हाय," मी म्हणालो.

तिनं आभाळाकडं बघितलं. पौषातलं आभाळ, धुतल्यासारखं. पाण्याकडं बघितलं. "पानी तर निवळ हाय."

"पडाव भरलाय. बोटीशी लागताना उलटला म्हंजे?"

"ती गरवार बाई चढली."

"तुला काय कळतंय वाऱ्यातलं?"

हे मी तिला म्हणालो. मी दर्यात असताना रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून ढग आणि लाट बघून आज नवरा कधी येईल हे जी ओळखायची, तिला म्हणालो. ती एकदाही चुकायची नाही. भात वेळेवर चुलीवर असायचा.

पडाववाला ओरडला, येता का न्हाय. मी हातानं जा म्हणून सांगितलं. पडाव गेला. आम्ही दोघं बघत होतो. तो सरळ गेला, बोटीला लागला, बाई चढली, भटजी चढला, कोंबड्या चढल्या. कोणाचं धोतरसुद्धा भिजलं नाही. बोटीनं भोंगा दिला आणि जमीन डाव्या हाताला घेऊन निघून गेली.

ती पाण्यातनं बाहेर आली. लुगड्याचा काठ पिळला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरं. मग चला."

पुढं पन्नास वर्षं संसार केला आम्ही. भांडलो, पोरींची लग्नं केली, दोघांनी मिळून म्हातारपण काढलं. पण त्या "बरं"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. तिनं विचारलंच नाही. आणि मला विचारल्याशिवाय सांगायची हिंमत नव्हती.

घरी जायचं तर होडीनं खाडी ओलांडून कोर्लईला उतरायचं आणि तिथनं किनाऱ्या-किनाऱ्यानं चालत. कोर्लईला उतरलो. वर डोंगरावर किल्ला, खाली गाव. किस्ताव लोकांची वस्ती. भाजीचे मळे. आमच्या वाडीपासून दिवसभराची पायपीट, पण तिकडं आमचं कोणी नाही, म्हणून ती कधी आलेली नव्हती. विहिरीवर दोन बाया पाणी शेंदत होत्या. लुगडी आमच्यासारखीच, गळ्यात क्रूस. ही पाणी मागायला गेली आणि तिथंच उभी राहिली.

मला हातानं बोलावलं. "ऐका, ऐका. काय बोलतात बघा."

त्या बाया एकमेकींशी फिरंगी बोलत होत्या. जुन्या फिरंग्यांच्या वेळेपासूनची ती त्यांची घरातली बोली आहे, आपल्याला एक शब्द लागत नाही. आपल्याशी मराठी बोलतात, तोंड फिरवलं की फिरंगी. हिचे डोळे मोठे झाले होते. तिनं एकीला म्हटलं, "बाये, परत बोल." ती बाई हसली आणि परत बोलली.

त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "कुठं चाललाय?"

"गोव्याला."

"गोवा खाली ऱ्हायला. इथं काय करताय?"

ही म्हणाली, "हवापालट."

म्हातारी खो खो हसली. म्हणाली, "मग बसा की. हवा इथं बी हाय."

तिच्या पडवीत आम्ही तीन दिवस राहिलो. तीन दिवस! मी म्हणत होतो, चल घरी. ही म्हणाली, "आठ दिवसांचं ठरलंय. पाच तरी व्हऊ देत." पहिल्या सकाळी म्हातारीची सून भात कांडत होती. ही सवयीनं उठली आणि मुसळाला हात घातला. म्हातारीनं हात धरला. "पावणी ना तू? बस."

ती बसली. हात मांडीवर ठेवले, परत उचलले, पदर सारखा केला, परत ठेवले. तिला रिकाम्या हातांचं काय करायचं ते येत नव्हतं. बस असं तिला तोवर कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. मी तर म्हटलंच नव्हतं, आगबोटीवर सोडून.

समुद्राजवळ त्यांचं पांढरं देऊळ होतं. संध्याकाळी बाया तिथं जमून गात. ही दाराशी उभी राहायची. तिसऱ्या संध्याकाळी म्हातारीनं तिला ओढून आत नेलं. मी बाहेर वाळूत बसून राहिलो. मलाही ये म्हणाले होते. गेलो नाही. आतून गाणं ऐकू येत होतं, दारातून दिवा दिसत होता.

पाचव्या दिवशी चालत घरी आलो. पाय सुजले होते. आई दारातच होती, शेजारच्या चार बाया होत्या, आणि चाचाही आले होते. त्यांच्या घरची माणसं रत्नागिरीला गेली होती, पण हे गुडघ्यापायी मागं राहिले होते. आई म्हणाली, "आलात काय गोव्याला जाऊन?"

मी तोंड उघडणार होतो. त्याआधी ही बोलली.

"आलो."

"कसा हाय?"

आणि तिनं सांगितला. समुद्राला लागून पांढरं देऊळ, आत बाया गातात. वरती डोंगर, त्यावर किल्ला. माणसं दिसायला आपल्यासारखी, नेसायला आपल्यासारखी, पण तोंड उघडलं की एक अक्षर कळत न्हाय. आणि पाहुणीला कामाला हात लावू देत नाहीत, बस म्हणतात. बाया ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "आणि पायऱ्या? बावन्न हायत?"

"मोजल्या न्हाईत," ही म्हणाली. "दमले होते."

मी चाचांकडं बघितलं. गोव्याला कितीदा गेलेला माणूस तो. आम्ही दिघीहून नाही, नांदगावच्या बाजूनं चालत आलो होतो, पायावर कोरडी धूळ होती, आणि पाच दिवसांत परत आलो होतो. ते माझ्याकडं बघत होते. मग हिच्याकडं वळून म्हणाले, "बराबर हाय, बेटी. असाच हाय गोवा."

पुढं तिनं तो गोवा किती जणांना सांगितला असेल. मला तिनं तो कशासाठी दिला, माझी अब्रू झाकायला का मला रोज थोडं थोडं टोचायला, हे मी कधी ओळखू शकलो नाही. दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा बोटी कमी झाल्या. ती संपल्यावर मी स्वतःहून म्हणालो, यंदा जाऊ, खरं जाऊ. ती मासळी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "एकदा झालंय की बघून." पुढं दोनदा-तीनदा काढला विषय. तेच उत्तर, त्याच आवाजात. मग फिरंगी गेला, गोवा आपल्यात आला, एसटी सुरू झाली. आता म्हणतात, सकाळी बसायचं आणि तिसऱ्या दिवशी परत. मी म्हणालो, आता तर रस्ताच रस्ता. ती म्हणाली, "आता माझ्याच्यानं बसवत न्हाय."

माघात ती गेली. बाराव्याला माणसं जेवायला बसली होती. पंगतीत माझ्या भाचीचा नवरा होता, ट्रॉलरवर इंजिन बघतो. गेल्या वर्षी मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आलेला. मामीचं काही तरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं विषय काढला असेल. म्हणाला, "मामा, मामी सांगायची तसं मला तिथं काय दिसलं न्हाय बा. देवळं मोठी हायत, पण माणसं कोकणी बोलतात, आपल्याला अर्धं कळतं. आणि बस कोण म्हणत न्हाय. खाणावळवाला तर उठ म्हणतो."

पंगत हसली. मग हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या पोरी वाढत होत्या, त्याही थांबल्या.

घास हातात होता. तेव्हा सांगता आलं असतं. ती गोव्याला गेलीच नव्हती, मी नेली नाही, पाणी निवळ होतं. सगळी माणसं समोर होती आणि तिला आता कोणी हवापालटवाली म्हणून चिडवणार नव्हतं.

मी म्हणालो, "आमच्या वेळेला होतं."

"असेल, असेल," तो म्हणाला आणि मान खाली घालून जेवू लागला. थोरलीनं माझ्या पानात आमटी वाढली. मी भात कालवला.